ध्रुपद, द्रौपदी आणि धुरा

धुरपताबाई मराठीच्या एम.ए. गोंदियाच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे लोकांच्या चुका काढायची खोड पेन्शनीतही सुटली नव्हती. स्वतःच्या नावाबद्दल मात्र त्या बिनदिक्कत थापा मारत. आपलं नाव 'ध्रुपद'वरून आलं, असं त्यांनी पहिल्याच वर्षी स्टाफरूममध्ये ठोकून दिलं होतं. घरात गाणं होतं का, असं कुणी विचारलं की त्या घड्याळ पाहून तासाला निघत. खरं तर आरतीत बाईंचा सूर लागला की शेजारणीची टाळी चुकायची. द्रौपदीचंच लोकांच्या तोंडी धुरपता होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. एखाद्या पोरानं पेपरात 'ध्रुपद' लिहिलं असतं, तर त्यांनी भोपळा दिला असता.

ही थाप ऐन सत्तरीत फळली. कुडव्यात राहणाऱ्या त्यांच्या भाच्याला, हिमांशूला मुलगी झाली, आणि त्याच्या बायकोचा, गुंजनचा फोन आला, "आत्या, तुमचंच नाव ठेवतोय. ध्रुपदा."

बाईंना मूलबाळ नाही. आपल्यामागे आपलं नाव कुणीतरी लावणार म्हणून त्या इतक्या हरखल्या, की हा काय शब्द आहे, हे विचारायचंही त्यांनी गिळलं.

बाळाला सख्खी आत्या नव्हती, तेव्हा कानात नाव सांगायचा मान यांनाच. बारशाला दवनीवाड्याहून रुख्मामावशी आली. बाईंच्या आईची धाकटी बहीण, नव्वदीची. गुंजननं कौतुकानं तिला ध्रुपदाची गोष्ट ऐकवली. म्हातारी हसता हसता खोकली.

"कायचं गाणं वो? हिची माय धानाच्या बांधीत रोवणी करून राहिली होती. पोट दुखलं, धुऱ्यावर बसली, अन् तिथंच हे झाली. धुऱ्यावरची म्हणून धुरपता."

शेताच्या बांधावरून द्रौपदी निघत नाही, हे बाईंच्या जिभेवर आलं. पण कोणत्या तोंडानं बोलणार? गुंजनचा चेहरा उतरला. मग ध्रुपद कुठून आलं, असं तिनं विचारलं. बाईंनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ घरी राहिलं होतं.

तेवढ्यात बायकांनी त्यांना पाळण्याकडे ढकललं. बाई वाकल्या, पाठीत रिवाजाचे धपाटे बसू लागले. 'कुर्र' झालं आणि पुढे गाडी अडली. ध्रुपदा म्हटलं तर नाव उरत होतं, पण ते आपलं नव्हतं. शेवटचा धपाटा मावशीचा होता, नव्वदीला न शोभणारा.

"बोल ना. काऊन लाजून राहिलीस?"

"धुरपता," बाई म्हणाल्या, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "ते ध्रुपद मीच चिकटवलं, गुंजन. मले लाज वाटे या नावाची."

गुंजननं बाळाचं टोपडं सारखं केलं.

"कानात गेलं ते गेलं, आत्या. आता दाखल्यासाठी तुम्हीच लिहून द्या. मी लिहिलं तर पुन्हा चूक काढाल."

पेन सापडेपर्यंत बाळानं भोकाड पसरलं, चिरकं आणि बेसूर.

"घ्या," रुख्मामावशी म्हणाली, "हे तुमचं ध्रुपद."

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या 'धु'चा उकार ऱ्हस्व काढत होत्या.