चुन्याचं छत

फिरदोसचे वडील मौला गवंडी. आष्ट्यातली कितीतरी घरं त्यांच्या हातची. लेक आर्किटेक्ट होऊन पुण्यात उंच इमारतींचे नकाशे काढू लागली, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

जवळच्या एका वाडीतली जुनी दगडी मशीद पाडून नवी बांधायचं काम मौलांना मिळालं. नकाशा लेकीनं द्यायचा होता. दिवाळीच्या सुट्टीत ती मापं घ्यायला गेली. बाई आत कशी, म्हणून एकदोघं कुरकुरले. मशिदीचा कारभार बघणाऱ्या अश्फाकचाचांनी त्यांना गप्प केलं.

भिंती ओळंब्यात सरळ होत्या, कमानीला तडा नव्हता. छतावर मागाहून ओतलेलं सिमेंट भेगाळून पाणी खालच्या चुन्यात मुरत होतं, एवढंच.

"अब्बा, ही पाडायला नको," ती म्हणाली.

"जुम्म्याला निम्मी माणसं आत मावत न्हाईत, उन्हात बसत्यात. त्यांना काय सांगू? भिंत चांगली हाय म्हणून?"

पुण्याला जाऊन तिनं नवा नकाशा काढला. जुनी मशीद तशीच, तिला लागून मोकळं दालान.

अश्फाकचाचांनी तो बराच वेळ पाहिला. "छत गळायचं थांबव. मग बोलू. एक पावसाळा बघतो."

फिरदोसनं नोकरी सोडली, छतावरचं सिमेंट काढून चुन्याचा थर घालायचं ठरवलं. मौला महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. मग एके सकाळी थापी घेऊन छतावर आले. चुन्याचं काम त्यांनीही कधी केलं नव्हतं. पहिला थर तडकला. तो खरवडून दोघांनी पुन्हा घातला, ओल्या गोणपाटाखाली जपला. मौलांच्या हाताची सालटं निघाली.

जूनमध्ये त्यांच्या छातीत कळ आली. मिरजेच्या दवाखान्यात दोन दिवस काढून ते गेले. शुद्धीत असताना त्यांनी एकदाच विचारलं, "पाऊस झाला का गं तिकडं?" तोवर झाला नव्हता.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर ती वाडीत गेली. झड लागून राहिली होती. एका कोपऱ्यात ओल दिसत होती, बाकी छत कोरडं होतं.

"कोपरा तेवढा परत करून घे," अश्फाकचाचा म्हणाले. "दालानाचं दिवाळीनंतर बघू."

दालान झालं. आता फिरदोस देवळं, घाट, मशिदी दुरुस्त करत जिल्हाभर फिरते. सगळंच वाचत नाही. गेल्या महिन्यात शिराळ्याकडच्या एका धर्मशाळेसाठी निरोप आला. ती पोचली तेव्हा जेसीबीनं निम्मी पाडून झाली होती. उरलेल्या भिंतीची मापं घेऊन ती संध्याकाळच्या एसटीनं आष्ट्याला परतली.