पिवळं दूध

माझ्या घशातल्या गाठी काढल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. वडगावच्या आमच्या गल्लीत तोवर कुणाच्या घशात कुणी चाकू घातला नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी टांगा इस्पितळातून परत आला तेव्हा निम्मी गल्ली दारात उभी होती. मी तोंड उघडून दाखवावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी उघडलं नाही.

डॉक्टरांनी आप्पांना, माझ्या वडिलांना, बजावलं होतं : थंड दूध द्या, मऊ भात द्या, दुखलं तरी गिळायला लावा. उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर पोरीला परत आणा.

आई मी तान्ही असतानाच गेली होती. मला वाढवलं ते आत्तीनं, आप्पांच्या थोरल्या बहिणीनं. जखम असताना पांढरं खायचं नाही, पू होतो, हे आमच्याकडं सगळेच मानायचे. पण आत्तीचं मानणं वेगळं होतं. तिच्या मुलाच्या मांडीवरचं बेंड कापलं होतं. त्यानं दहीभाताचा हट्ट धरला आणि तिनं दिला. आठवड्यात पोरगं गेलं. सासरच्यांनी तिलाच बोल लावून माहेरी धाडलं.

तर आत्तीनं मला नाचणीची आंबील दिली. गरम, आंबट, वर मीठ. पहिल्या घोटालाच मी किंचाळले आणि त्यानंतर दात आवळून बसले. पाणीसुद्धा घेईना. सात वर्षांच्या पोरीला जेवढा हट्टीपणा झेपतो त्याहून माझ्यात जरा जास्तच होता.

आप्पांनी पेल्यात दूध ओतलं. आत्ती आडवी आली.

"पांढरं न्हाय द्यायचं."

"डागदर सांगतोय, आक्का."

"पोरगी गेली तर डागदर परत देतोय व्हय रं?"

आप्पा आतल्या खोलीत हातमागावर जाऊन बसले, पण माग काही वाजला नाही. थोड्या वेळानं ते उठले, चुलीपाशी गेले आणि दुधात चमचाभर हळद ढवळून आले.

"रंगवलेल्या सुताला कोण पांढरं म्हणतंय काय?" ते म्हणाले.

आत्ती खुळी नव्हती. हळद घातली तरी दूध ते दूधच, हे तिला कळत होतं. पण आंबिलीच्या त्या घोटानंतर मी थुंकीही गिळत नव्हते, हेही ती बघत होती. पेला तिनंच हातात घेतला. पहिला घोट उतरताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्याला मी पेला ओढून घेतला. आतल्या खोलीत माग सुरू झाला.

आठवडाभर मी पिवळं दूध प्यायले, पिवळा भात खाल्ला. मग डॉक्टरांनी घसा बघून सगळं खायला मोकळीक दिली. मी घरी येऊन दहीभात मागितला, आणि मागितल्यावर आत्तीचं पोरगं आठवून माझी मीच चपापले. आत्तीनं दहीभात कालवला, त्यात हळद घातली नाही, आणि मला दारातल्या उजेडात बसवून पहिला घास भरवला.

"गिळलंस?"

"व्हय."

"दुखतंय काय गं?"

"न्हाय."

"त्योबी असंच म्हणालता," आत्ती म्हणाली, आणि तिनं पुढचा घास उचलला.