डीटल यांचा बॉयलर

जळगाव सोडलं तेव्हा मे महिना होता. स्टेशनवरच्या बाकाला हात लावला तर चटका बसत होता आणि मी अजून शाळेतच असल्यासारखी आई मला पदराने वारा घालत होती. "थंडी बरी असते गं," ती म्हणाली. "चार पांघरुणं घेता येतात. या उन्हात माणूस काय कातडी काढून ठेवणार?" गाडी हलली तेव्हा ती रडली, मी रडले नाही. सुटले एकदाची या भट्टीतून, एवढंच मनात आलं.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या सुटलेल्यांनो, थंडी म्हणजे काय हे मला जर्मनीत रेगेन्सबर्गला आल्यावर पहिली काही वर्षं कळलंच नाही. ऑफिस गरम, बस गरम, भाड्याचं घर गरम. मग आम्ही कर्ज काढून स्वतःचा फ्लॅट घेतला. जुनी इमारत, सहा बिऱ्हाडं आणि सगळ्यांच्या हायत्सुंगसाठी, म्हणजे घरं तापवायला, तळघरात तेलावर चालणारा एकच बॉयलर, वयाने माझ्याहून मोठा. फ्लॅट आमचा, पण त्यातली ऊब सहाजणांच्या मर्जीची.

आणि सहाजणांची मर्जी म्हणजे तळमजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, डीटल. निवृत्त गृहस्थ. तळघराची किल्ली त्यांच्याकडे. ती त्यांना कोणी दिली, हे विचारायची कोणाची छाती नाही. रात्री ते बॉयलर मंद करून ठेवत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला अंगाला तेल लावून मी पहाटे नळाखाली उभी राहिले, तर पाणी बर्फासारखं. त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "अंधारात आंघोळ कशाला करायची?" तेल चोपडलेल्या बाईने यावर काय बोलावं?

माझा नवरा समीर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. इंजिन थंड कसं ठेवायचं हे बघण्याचा त्याला पगार मिळतो. घरमालकांच्या बैठकीत त्याने शांतपणे सांगितलं, की हा बॉयलर या हिवाळ्यात दगा देणार, आत्ताच बदलूया. डीटल म्हणाले, "हे बघा, माझ्या हयातीला तो पुरेल. आणि तुम्ही तर काय, थोड्या वर्षांनी परतच जाणार." बाकीचे मालक टेबलाकडे बघत बसले. एकानेही हात वर केला नाही. त्या टेबलाकडे बघणाऱ्यांचा राग मला डीटलपेक्षा जास्त आला.

डिसेंबरात मला मुलगी झाली. बाळंतपणाला आई आली, बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळाच्या टोपड्यांचा ढीग. जानेवारीत बॉयलर बंद पडला. मेकॅनिक आला, आत डोकावला, याचा भाग आता कुठेच मिळत नाही म्हणाला आणि गेला. इमारतीचा कारभार बघणाऱ्या कचेरीला फोन केला. नवीन बसवायचा तर बैठक हवी, बैठकीला तीन आठवड्यांची नोटीस हवी. घरात तान्हं बाळ आहे म्हटलं, तर बाई म्हणाली, "गेनाऊ." अगदी बरोबर, म्हणे! विजेचे दोन हीटर आणले, ते एकदम लावले की घरातली वीज जाई.

आई हे सगळं बघत होती. बाळंतिणीच्या खोलीत तोंडातून वाफ निघते, हे तिच्या डोक्यात बसेना. एका दुपारी मी डोळा लागून पडले होते. तिने बाल्कनीत समीरचे बार्बेक्यूचे कोळसे पेटवले, लोखंडी कढईत भरून माझ्या पलंगाशी आणून ठेवले आणि बाळाला धुरी म्हणून वर ओवा आणि लसणाची सालं टाकली. राउखमेल्डर किंचाळला, म्हणजे छताला असतं ते धुराचं यंत्र. मी उठून खिडक्या उघडेपर्यंत खाली बंब हजर. डीटलनी बोलावला होता. चार पायऱ्या चढून आमची बेल वाजवणं त्यांना जमलं नव्हतं.

बंबवाल्यांचा अधिकारी आईवर कडाडला. बंद खोलीत कोळसे? बाळ झोपेतल्या झोपेत गेलं असतं, कळतंय का तुम्हाला? त्याचं खरं होतं आणि त्यामुळे तो मला जास्तच सहन होईना. आईने विचारलं, "काय म्हणतो गं?"

"बाळ गोड आहे म्हणतो."

"गोड म्हणायला एवढं ओरडतात होय?" आई म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

जिन्यात डीटल कोट-टोपी घालून उभे होते. "तुमच्याकडे चालत असेल हे," ते म्हणाले. जर्मनमध्ये भांडायला क्रियापदं शोधावी लागतात, तोवर समोरचा दार लावून घेतो.

त्या संध्याकाळी आई बॅग भरायला लागली. "हे घर नाही, शीतगृह आहे. पोरीला घे आणि चल माझ्याबरोबर." आणि मी हो म्हणाले. नुसतं तोंडदेखलं नाही. बाळाचा पासपोर्ट झाला की मी निघणार होते आणि परत कधी यायचं, याबद्दल समीरशी बोलायचं टाळत होते. त्याने एकदा विचारलं, मी बाळाचं दुपटं बदलायला उठले.

बैठकीला गेले ती केवळ मत द्यायला, बाळाला छातीशी बांधून. सगळे कोट घालूनच बसलेले, गारठून शहाणे झालेले. बॉयलरच्या जागी विजेवर चालणारा उष्णता पंप बसवणारा माणूस माहिती देत होता. वीसेक वर्षं बघायला नको, म्हणाला.

"वीस वर्षं!" डीटल माझ्याकडे वळले. "तोवर इथे असणार कोण?"

"मी असेन," मी म्हणाले. या वेळी एकही क्रियापद शोधावं लागलं नाही. "आणि तुम्ही?"

कोणी हसलं नाही. डीटल यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पंपाच्या बाजूने पाच हात वर गेले. डीटलनी आपला हात शेवटपर्यंत खिशातून काढला नाही. मी बोलून बसले होते खरी, पण जिना चढताना कळलं की मी खोटं बोलले नव्हते. मी आता जाणार नाही. त्या माणसाला माझी रिकामी खोली बघू देणार नाही.

आई एकटी परतली. तोवर रेडिएटर गरम झाले होते आणि बाळ नुसत्या झबल्यात पाय झाडत होतं. ते बघूनही आईचा राग गेला नाही. विमानतळावर तिने बाळाचा मुका घेतला, माझ्याकडे बघितलंच नाही. मग आत जाता जाता थांबली.

"जळगावात तुला कोणी जा म्हणालं होतं का गं?"

नाही, आई. कोणीच म्हणालं नव्हतं. कोणी म्हणालं असतं, तर मी आजही तिथेच असते.