तुरीत पडलेलं विमान

ते विमान आमच्या शेतावरून आधीही गेलं होतं. छोटं, पांढरं, शिकाऊ पायलट चालवतात तसलं. पण त्या सकाळी ते इतक्या खालून आलं, की मी डोकं खाली घातलं. मी आणि माझी मोठी जाऊ कापूस वेचत होतो. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, धुऱ्याच्या बांधापलीकडच्या तुरीत गवत कापायला गेलेल्या.

"माय वं, डोक्शावरूनच गेलं!" जाऊ हसली.

विमान महागावच्या बाजूला जाऊन वळलं आणि परत आलं, आणखी खालून. आमच्या धुऱ्यावरून विजेची लाईन जाते. त्या तारा त्याला दिसल्या नसाव्यात. तड्‌कन आवाज झाला, डोळ्यांपुढे निळा उजेड आला आणि विमान एका अंगावर कलंडून तुरीत गेलं. पायाखालची जमीन हादरली.

"आत्याबाई!" मी ओरडत धावले. जावेनं मागून पदर ओढला, मी तोंडावर पडले.

"थांब! तार पडली हाये तिथं! मरशीन!"

तार धुऱ्यावर पडली होती. तिच्या खालचं गवत जळत होतं. वाऱ्याबरोबर पेट्रोलचा वास येत होता. जावेनं घरी फोन लावला, "लाईन बंद करायले लावा, लौकर!" मी नुसती आत्याबाईंना हाका मारत होते. उत्तर येईना.

मग तूर हलली आणि आत्याबाई उभ्या राहिलेल्या दिसल्या. डोक्यावरचा पदर गेलेला.

"तो जित्ता हाये वं," त्या म्हणाल्या.

"तिथं जाऊ नका! पेट घेईन ते!" आम्ही दोघी किंचाळलो.

त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. आणि त्या विमानाकडे गेल्या. "आली बाबू, आली," एवढंच ऐकू आलं. त्यानंतर मी डोळे मिटून घेतले. आता भडका उडेल, आता उडेल, दुसरं काही मनात नव्हतं.

लाईन बंद झाल्याचा फोन आला तसे आम्ही जमलेल्या गावातल्या माणसांबरोबर पलीकडे धावलो. पायलट पंचविशीतला असेल. पट्ट्यात अडकलेला, मान कललेली. आत्याबाईंनी त्याचा हात धरून ठेवला होता.

"गेला," त्या म्हणाल्या. हात आम्हालाच सोडवावा लागला.

पुढे चौकशीवाले साहेब येऊन गेले. मग त्याचे वडील आले. ओसरीवर बसले, पाणीही घेतलं नाही. "काही बोलला का?" त्यांनी विचारलं.

"आग लागली का, म्हणून इचारत होता," आत्याबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, नाही लागली बाबू. खरंच नव्हती लागली. मंग माहा हात घट्ट धरला."

वडिलांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले.

त्या दिवशी आत जायचं धैर्य कुठून आणलं, असं मी आत्याबाईंना एकदा विचारलं. "कायचं धैर्य? लय भेव वाटलं," त्या म्हणाल्या. "पन तो रडून राह्यला होता."

माझी भीती अजून गेलेली नाही. परवा शेजारच्या सोयाबीनवर फवारणीचं ड्रोन घरघरलं, तर मी हातातलं काम टाकून घराकडे पळत सुटले. आत्याबाई माझ्या पुढे पळत होत्या.