बेंबीखालचे ठोके

नाचणगावात सुलोचनाबाईच्या अंगठ्याला डॉक्टरच्या नळीपेक्षा जास्त मान. बाईची पाळी चुकली, ओटीपोटात दुखलं, कापसाचं गाठोडं उचलताना चमक भरली, की बोलवा सुलोचनाबाईला. ती बाईला उताणी निजवायची, तेलाचा हात फिरवायची आणि बेंबीजवळ अंगठा रोवून ठोके शोधायची. ठोके बेंबीच्या बरोब्बर खाली लागले, तर कोठा, म्हणजे गर्भपिशवी, जागेवर. बाजूला लागले, तर कोठा सरकला. सासूकडून आलेली ही विद्या. तिच्यावर शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

आणि दैव बघा, सगळ्यात हट्टी कोठा निघाला तो तिच्याच घरात. सून दिपाली. लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. सुलोचनाबाई दर महिन्याला तिचं पोट चोळायची, ठोके ओढून मध्यावर आणायची, आणि पुढच्या खेपेला ते पुन्हा डावीकडे. "हिचा कोठा थाऱ्यावर राह्यतच नाई," असा तिनं निकाल दिला. त्या निकालावर घरात ठरलं, येत्या सोमवारी दिपालीला आष्टीला माहेरी कायमचं पोचवायचं. मुलगा विवेक हूं की चूं करेना. आईच्या अंगठ्यापुढे तो काय बोलणार!

त्याच आठवड्यात पिपरी मेघेला मालिश करणाऱ्या बायांचं शिबिर होतं. सुलोचनाबाई गेली ती शिकायला नाही, चार गोष्टी शिकवून यायला.

शिकवणारी मेघा नावाची नर्स होती. तिनं अंगावर कापडी एप्रन बांधला. त्यावर पोटातले अवयव कापडाचे शिवून लावलेले. तिनं गर्भपिशवीवर बोट ठेवलं आणि सुलोचनाबाईला हसूच फुटलं.

"बाप्पा! एवढुशी? पेरू शिवला का तुमी?"

"एवढीच असते, मावशी. पोटात मूल नसताना मुठीएवढी. आणि इथं असते." मेघाचं बोट बेंबीवरून खाली, पार खाली, ओटीपोटाच्या हाडामागे गेलं. मग तिनं दोन्ही बाजूंच्या नळ्या दाखवल्या, बदामाएवढी अंडाशयं दाखवली. "वरून चोळताना ही पिशवी हाताला लागतसुद्धा नाही."

सुलोचनाबाईचं हसू मावळलं. "मंग बेंबीजवळ ठोके कायचे लागतात?"

"ती हृदयाकडून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी. असतेच ती जराशी डावीकडे. पिशवीचा तिच्याशी काही संबंध नाही. गडीमाणसांच्या पोटातही लागतात की ते ठोके."

पुढचं सुलोचनाबाईला ऐकूच आलं नाही. खोटं बोलते ही पोरगी, असं ती मनाशी घोकत राहिली.

घरी आली तेव्हा विवेक खाटेवर मोबाइल बघत पडला होता. चपलासुद्धा न काढता ती त्याच्यापाशी गेली.

"सदरा वर कर."

"काऊन?"

"कर म्हनलं ना!"

तिनं बेंबीजवळ अंगठा रोवला. ठोका लागला. जरा डावीकडे, थेट दिपालीसारखा. तिनं अंगठा उचलला, पुन्हा रोवला. पुन्हा तोच ठोका.

"अव माय!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

चुलीपासून दिपाली उठून आली. "काय झालं, आत्याबाई?"

सुलोचनाबाईनं अडखळत सगळं सांगितलं. पेरूएवढी पिशवी, हाडामागची जागा, गड्यांच्या पोटातले ठोके. आणि शेवटी, सुनेकडे न बघता, "तुहा कोठा जाग्यावरच असंन, बाई. मलेच काई समजत नव्हतं."

विवेकनं घाईघाईनं सदरा खाली ओढला.

नवऱ्याच्या पोटाकडे एकदा बघून दिपालीनं विचारलं, "मंग सोमवारी तुमच्या लेकाले कोनाच्या घरी पोचवता?"