गाइडमध्ये मेलेला राजा

“शेवटी राजाचं काय होतं?” एक्स्टर्नल सरांनी तेविसाव्यांदा तोच प्रश्न विचारला.

“माहीत न्हाई सर,” सुनीता म्हणाली.

आधीच्या बावीस जणांनी एका सुरात सांगितलं होतं, “राजा सुइसाइड करतो सर.” आणि सरांनी मान डोलावून प्रत्येकाला वीसपैकी सतरा दिले होते.

एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला परीक्षक. चालली होती व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. आणि मी म्हणजे सीएचबीवाला, तासावर इंग्रजी शिकवणारा. दर जूनला माझी नेमणूक नव्यानं होते, किंवा होत नाही. त्यामुळे एक्स्टर्नलला खूश करून चारच्या एसटीत बसवणं हे माझं त्या दिवशीचं मुख्य काम होतं.

पेपरचं नाव ‘प्राचीन महाकाव्य आणि शोकांतिका’. दिवाळी झाली की आमचा अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो. उरलेल्या अर्ध्याला आम्ही ग्रीक राजे शिकवतो. कावून, ते विचारू नका. सिलॅबसमध्ये आहे.

नाटक एका हट्टी राजाचं. त्याचं नाव सांगत नाही, मला अजून नीट उच्चारता येत नाही. मूळ नाटक कुणी वाचत नाही, सगळे गाइड घेतात. आधी सारांश, मागे पंचवीस प्रश्नोत्तरं, मुखपृष्ठावर एक शिपाई, तोही रोमन. तीन वर्षं मीही गाइडवरूनच शिकवत होतो. हे आज पहिल्यांदा लेखी कबूल करतोय.

सुनीता शिरूर कासारची. हंगामात आईबापाबरोबर तोडीला जायची. निघायच्या वेळी दुकानातली गाइडं संपली होती, म्हणून मी तिला लायब्ररीतली नाटकाची एकुलती एक प्रत दिली. तिची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती. आमच्या लायब्ररीत नियमित येणारी तेवढीच.

“माहीत नाही म्हणजे? वाचलं नाही?” सरांनी विचारलं.

“दोनदा वाचलं सर. पर माझ्या पुस्तकाला शेवटची पानंच न्हाईत.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता.

“मग अंदाज सांग.”

“राजा मरत नसंल सर.”

“कशावरून?”

“मेला तर सुटला की. त्याच्यापायी एवढी माणसं गेली. ते कोरसवाले म्हातारे किती येळा सांगत्यात, ह्यो ऐकतो का? आता त्याला एकट्याला जगाया लावतील. मी लिव्हलं असतं तर म्या न्हाई मारलं असतं.”

कोरस म्हणजे नाटकात कायम उभा असलेला घोळका. सल्ला देतो, हळहळतो, करत काही नाही. आमच्या स्टाफ मीटिंगसारखा.

“चूक. राजा मरतो,” सर म्हणाले आणि शीटवर सहा लिहिले.

पास व्हायला आठ लागतात. तोंडीत नापास म्हणजे अख्खा पेपर राहिला. सुनीता परीक्षेसाठी उसाच्या फडावरून एकटी आली होती. बीए झाली तर बीएड करणार होती, नाहीतर पुन्हा कोयता.

ती दारापाशी थांबली. “सर, तुमच्याकडं शेवटची पानं हायेत का? मला लई दिवसांपासून बघायचीत.”

सरांनी बॅगेतून पुस्तक काढलं. रोमन शिपाई!

मी “चहा सांगतो” म्हणून बाहेर पडलो. आमच्याकडं नेटवर्क फक्त जिन्याच्या खिडकीत मिळतं. तिथं उभं राहून मोबाइलवर नाटक शोधलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा शेवट वाचला. राजा मरण मागतो. कुणी देत नाही. कोरस त्याला दोन शब्द सुनावतो आणि नाटक संपतं.

आमचे हेड काळे सर जिना चढत होते. त्यांना दाखवलं.

“राजा मेला काय अन् जगला काय, तुला काय करायचंय बे?” ते म्हणाले. “जूनमध्ये यायचंय ना परत?”

यायचं होतं. तरी मी आत गेलो. ही हिंमत नव्हती. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस जरा वेड्यासारखा वागतो.

एक्स्टर्नल सरांनी मोबाइल लांब धरून वाचलं. परत वाचलं.

“प्रिंट मिस्टेक असेल.”

“कुणाची सर? नाटकाची का गाइडची?”

माझ्यामागोमाग आलेले काळे सर खोकले. एक्स्टर्नल सरांनी चष्मा काढला. “मग बावीस जणांचे मार्क खाली आणायचे? नवं शीट, नव्या सह्या, विद्यापीठाला पत्र?”

विद्यापीठाला पत्र म्हटल्यावर काळे सर एकदम पुढं आले. “कशाला सर? तिलाच वर आणा की. एका आकड्याचं काम.”

“पण बरोबर ती एकटीच आहे,” मी म्हणालो. “तिला वीस द्या.”

“वीसला कारण लिहावं लागतं.”

घड्याळात पावणेचार झाले होते. त्यांनी सहावर काट मारली, सतरा लिहिले, बाजूला सही केली आणि एसटी गाठली.

सुनीता व्हरांड्यात उभी होती. मी मार्क सांगितले.

“अन् राजा?”

“जिवंत आहे.”

“म्हणलं न्हवतं का!” एवढ्या जोरात ओरडली की ऑफिसातला क्लार्क बाहेर आला. मग तिनं माझा मोबाइल मागून घेतला आणि पायरीवर बसून शेवटची पानं वाचून काढली. मार्कांचं पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

ती पास झाली, बीएडला लागली. जूनमध्ये माझी नेमणुकीची ऑर्डर निघाली. काळे सरांनी पेपर मात्र बदलला. आता मी बिझनेस लेटर शिकवतो. त्यात कुणी मरत नाही.

या प्रकरणात मी दोन गोष्टी शिकलो. आमच्याकडं बरोबर उत्तराला चुकीच्या उत्तराएवढेच मार्क मिळतात, आणि तेही भांडून घ्यावे लागतात. दुसरी गोष्ट मास्तर लोकांसाठी. नाटक शिकवण्याआधी एकदा वाचून घ्यावं.