ट्यूबमधलं किमिझ

त्या उन्हाळ्यात सुसामिरच्या खोऱ्यात एकच कुजबुज होती. जोल्चुबेक उस्ताने, म्हणजे आमच्या टायर-मिस्त्रीने, म्हणे एका परदेशी पाहुणीच्या सायकलीला किमिझ पाजलं. घोडीचं आंबवलेलं दूध ते. आम्हाला चढतं तर चाकाला का चढू नये? ट्यूबमध्ये ते फसफसलं, चाक झिंगलं, वळणावर डुलायला लागलं आणि बाईला घेऊन थेट ओढ्यात उतरलं. बाईच्या खांद्याचं हाड मोडलं. सांगणारा प्रत्येक जण त्यात आपली चिमूटभर घालायचा. रस्त्याकडेला सुक्या चीजचे गोळे विकणारी आमची एक शेजारीण तर शपथेवर सांगायची की दुसऱ्या दिवशी चाकाचं डोकं दुखत होतं. सगळं खोरं हसलं. हसण्यासारखंच होतं ते.

जोल्चुबेक तेवढा हसला नाही.

जोल्चुबेक म्हणजे लांबलचक हाडांचा, मान पुढे काढून चालणारा माणूस. आधी तो सरकारी ट्रक डेपोत टायरला ठिगळं लावायचा. डेपो बंद पडला तेव्हा त्याने तिथल्याच ट्रकचा एक मोडका पत्र्याचा डबा ओढत आणून घाटाच्या पायथ्याशी ठेवला आणि दुकान थाटलं. ट्रक थांबेनासे झाले, तोवर परदेशी लोक जाड टायरच्या डोंगरी सायकली घेऊन घाट उतरायला लागले. जोल्चुबेकचं पुन्हा बरं चाललं. दुकानाला लागूनच त्याचा तंबू. तिथे त्याची बायको उरकिया दिवसभर घोड्या पिळायची, किमिझ घुसळायची आणि नवऱ्याच्या गिऱ्हाइकांना नावं ठेवायची.

मी त्याच्या दुकानात बसायला जायचो ते गप्पांसाठी. पण त्याचं काम बघणं हीसुद्धा एक करमणूक होती. टायर उतरवण्याआधी तो व्हॉल्व्हपाशी टायरवर खडूची रेघ मारायचा, म्हणजे ट्यूबला भोक जिथे सापडेल त्याच्या बरोबर समोर टायरमध्ये काटा शोधता येतो. मग ट्यूब फुगवून ओठांजवळून फिरवायची, हवा लागली की जागा समजली. नाहीच समजली तर घमेल्यातल्या पाण्यात. पाहुण्यांना आमची भाषा कळायची नाही, तरी हा त्यांना बोलायचा.

"बाहेरच्या अंगाला भोक आहे, म्हणजे काटा. आतल्या अंगाला असतं तर स्पोकचं टोक. आणि ही बघ, दोन भोकं जोडीने, म्हणजे हवा कमी ठेवून दगडावर आदळलास. काट्याला शिव्या देऊ नकोस, बाबा."

जुनं ठिगळ सुटलेलं दिसलं की तो खूश व्हायचा. "सोल्युशन वाळायच्या आत चिकटवलंय कुणीतरी. सोयरीक व्हायच्या आधीच नवरी घरी आणली."

"तुम्ही नव्हती का आणलीत?" उरकिया तंबूतून म्हणायची. मग तो पंपाला लागायचा.

सोयरीक म्हटलं की एसेनअलीचं नाव यायलाच हवं. जोल्चुबेक आणि एसेनअली डेपोतले जोडीदार. जॅकवर चढवलेल्या एकाच ट्रकखाली झोपलेले, एकाच डब्यात जेवलेले. पुढे एसेनअलीने व्हॅन घेतली आणि तो राजधानीच्या, बिश्केकच्या फेऱ्या मारायला लागला. गोड बोलणारा, सगळ्यांची कामं आणणारा, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते आधी त्याला कळायचं. (मला नंतर कळायचं, याचा मला राग होता.) दोस्ती पक्की करायची म्हणून जोल्चुबेकने एकुलती एक मुलगी सालकिन एसेनअलीच्या मुलाला दिली. झाले दोघे व्याही, आमच्या बोलीत कुदा. कालपर्यंत एकमेकांच्या आयांचा उद्धार करणारे हे दोघे लग्नाच्या दिवसापासून 'तुम्ही'वर आले. आमच्याकडे कुदाचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्याला तंबूत मानाची जागा, मानाचं मटण. आणि काही झालं तरी कुदाला तोंडावर दोष द्यायचा नाही, कारण आपली पोर त्याच्या चुलीशी बसलेली असते.

त्या वर्षी घाटाखालच्या सायकलींच्या कॅम्पने ठरवलं की आपल्या सगळ्या सायकली एकाच उस्ताकडे सोपवायच्या. कॅम्प चालवणारी चोल्पोन, बिश्केकची हुशार बाई. तिने जोल्चुबेकला सांगितलं, "उस्ता, हंगामाच्या पहिल्या उतरणीसाठी सायकली तुम्ही तयार करा. नीट उतरल्या तर काम तुमचं." एसेनअलीचा एक भाचाही घाटापलीकडे नवं दुकान टाकून बसला होता, त्यालाही हेच काम हवं होतं. पण जोल्चुबेक असताना भाच्याला कोण विचारणार, असं सगळे म्हणायचे.

आमच्या उतरणीवर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आहेत. त्यांचा काटा टायरमध्ये सुईसारखा जातो. त्यावर एक पांढरं दुधासारखं औषध निघालंय. ट्यूबमध्ये घालून ठेवायचं, काटा घुसला की ते भोकाशी जाऊन गोठतं आणि हवा राहते. चोल्पोनने ते बिश्केकला मागवून ठेवलं होतं. बाटल्या आणल्या एसेनअलीने, आपल्या व्हॅनमधून.

"घ्या कुदा, नातवासारखं सांभाळून आणलंय," तो म्हणाला.

झाकणांचं सील तुटलेलं, ती नुसती फिरवलेली होती. जोल्चुबेकने विचारलं तेव्हा एसेनअली म्हणाला, वाटेत पोलिसांनी उघडून पाहिली, दारू आहे का म्हणून. सगळे हसले. कुदाच्या हातून आलेली वस्तू हुंगून बघायची रीत नाही. जोल्चुबेकने व्हॉल्व्हच्या आतली कळ काढून एकेका ट्यूबमध्ये औषध ओतलं. आंबूस वास आला तो मलाही आला. पण जून महिना, शेजारी उरकिया बुधला घुसळत होती, खोऱ्यात प्रत्येकाच्या अंगालाच तो वास असतो. पाण्याच्या भांड्याजवळ बसून कोण म्हणतं की मला ओल लागली?

उतरणीच्या दिवशी तिसऱ्या वळणावर पोलंडहून आलेल्या पाहुणीच्या पुढच्या चाकात काटा गेला. औषधाने भोक बुजायला हवं होतं. बुजलं नाही. वेगात हवा गेली, टायर रिमवरून सुटला, बाई ओढ्यात. बाकीच्यांच्या चाकांतलीही हवा खाली येईपर्यंत गेली.

चाक जोल्चुबेककडे आलं तेव्हा मी तिथेच होतो. खडूची रेघ, टायर उतरवणं, सगळं नेहमीसारखं. भोक बाहेरच्या अंगाला, बारीक, एकच. समोर टायरमध्ये काटा तसाच रुतलेला. रिमची पट्टी ठीक, व्हॉल्व्ह सरळ. मग त्याने ट्यूब कापली. आत पांढऱ्या दह्याच्या गुठळ्या आणि वर निळसर पाणी. त्याने बोटाला लावून हुंगलं, जिभेवर ठेवलं, आणि खाली बसला.

"किमिझ," मी म्हणालो. माझ्या तोंडून हसू निसटलं.

"कुणाचं ते बोल," तो म्हणाला. मला कळलं नाही, म्हणून त्याने ट्यूबचा तुकडा माझ्या नाकाशी धरला.

किमिझ भरायच्या आधी कातडी बुधल्याला धुरी देतात. खोऱ्यात सगळे देवदाराच्या फांद्यांची देतात. एकाच घरात एका डोंगरी झुडपाच्या तांबड्या काड्या जाळतात, कारण त्या घरची म्हातारी पलीकडच्या खोऱ्यातून आली होती. त्या धुराचा वास गोडसर, जरासा बदामासारखा. मी त्या घरात सालकिनचं लग्न जेवलो होतो. पुढे मी काही बोललो नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा.

कुजबुज दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. झिंगलेलं चाक, फसफसणारी ट्यूब, चिकट म्हातारा उस्ता, त्याने म्हणे औषध वाचवायला बायकोच्या बुधल्यातलं ओतलं. मी एकाला विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, व्हॅनमध्ये कळलं. दुसऱ्याला विचारलं, तोही व्हॅनमध्येच बसला होता.

त्याच आठवड्यात एसेनअली सून-नातवाला घेऊन व्याह्याकडे आला. मेंढरू कापलं. मानाची जागा त्यालाच, आणि मीही खालच्या बाजूला होतो, कारण मटण शिजतं तिथे मी असतोच.

"लोकांच्या तोंडाला लागू नका, कुदा," एसेनअली म्हणाला. "चेष्टा करतात. चार दिवसांत विसरतील."

"तुम्ही विसरलात तरी पुरे," जोल्चुबेक म्हणाला.

"मी कशाला लक्षात ठेवू?"

"तेच म्हणतो."

उरकियाला राहवेना. "आमच्या घोड्यांचं किमिझ ट्यूबमध्ये घालायला उरतंच कुठे? हे शेजारी बसलेत ना, हेच संपवतात." हे माझ्याबद्दल होतं. एसेनअली जरा जास्तच हसला.

तेवढ्यात चोल्पोन आली. बसलीही नाही. "उस्ता, पाहुणीच्या घरून विचारणा झाली आहे. मला एवढंच सांगा, बाटल्यांत औषध होतं की तुम्ही दुसरं काही ओतलंत? औषध खराब असेल तर मी बिश्केकला जाऊन बाटल्या कुणाच्या हातातून गेल्या ते शोधते."

कापलेली ट्यूब दाराशी खुंटीला टांगली होती. सालकिन चहा ओतत होती. ती उठली, ट्यूब हातात घेतली, आणि सहज, आम्ही सगळे करतो तसं, नाकाशी नेली. मग तिथेच उभी राहिली. सासरी बुधल्याला रोज धुरी तीच द्यायची. तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही. बापाकडे पाहिलं.

एसेनअलीचा घास हातातच होता.

जोल्चुबेक उठला. मुलीच्या हातातून ट्यूब काढून घेतली, गुंडाळली आणि खिशात घातली. "चहा निवतोय, पोरी," म्हणाला. मग चोल्पोनकडे वळून, "मी किमिझ ओतलं. औषध बरं होतं. मला वाटलं, दोन्ही एकच."

"उस्ता, तुम्ही?"

"मी."

चोल्पोन दाराकडे वळली. मग म्हणाली, "मग सायकली मी तुमच्याकडे ठेवू शकत नाही."

"नको ठेवूस."

ती निघून गेली. शेवटी एसेनअलीने हातातला घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाला, "बरं केलंत, कुदा. तुमचंही वय झालंय. माझा भाचा तरुण आहे, तो सांभाळेल." एवढं बोलायची त्याला गरज नव्हती. तो गप्प राहिला असता तर कदाचित जोल्चुबेकने मनात त्याच्यासाठी एखादी सबब शोधून ठेवली असती.

जोल्चुबेकने त्याच्या वाडग्यात किमिझ ओतलं. कुदाचा वाडगा रिकामा ठेवत नाहीत. त्याच्यासाठी पुढे सगळं केलं, सणाला मेंढरू, नातवाच्या जावळाला घोड्याचं शिंगरू. पण त्या दिवसानंतर एसेनअलीच्या घरचं किमिझ जोल्चुबेक प्यायला नाही. पोट बिघडतं म्हणायचा. आणि माझ्यासमोर एकदाच, टायरवर खडूची रेघ मारता मारता म्हणाला, "डेपोत माझ्याकडे चार मुलं होती शिकायला. पण जॅक कुदाच धरायचा आणि मी ट्रकखाली शिरायचो. कधी वर बघितलं नाही मी."

बोलवा अजून चालू आहे, त्याच्या कबुलीने पक्कीच झाली. म्हणून जे खरं आहे ते सांगतो. बाटल्यांतलं औषध एसेनअलीने आपल्या भाच्याला काढून दिलं आणि त्यात घरचं किमिझ भरलं. भाच्याच्या दुकानात ते औषध खनिज पाण्याच्या बाटल्यांत मी पाहिलं. चाक झिंगलं नाही, फुटलं नाही. काट्याचं भोक बुजलं नाही, एवढंच झालं. जोल्चुबेकने जाणूनबुजून किमिझ ओतलं नव्हतं. कुणी भरलं ते त्याला ट्यूब कापली त्याच दिवशी कळलं होतं.